इंजिनालाही चूळ भरायला पाणी हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या जेटीवर गेल्या मोसमात पर्यटकांसाठी गोड्या पाण्याचा शॉवर बसला. समुद्रात डुंबून आलेल्या माणसाचं अंग चिकट होतं, खाज सुटते, म्हणून ही सोय. चांगलीच आहे, तक्रार शॉवरबद्दल नाही. त्याच्याच खाली एक नळ आहे आणि त्यावर पाटी आहे : ‘नळाला पाइप जोडू नये’. ही पाटी पर्यटकासाठी नाही, आमच्यासाठी आहे. ज्या होडीतून तो फिरून आला तिचं इंजिन दिवसभर तेच खारं पाणी पीत असतं, आणि संध्याकाळी त्याला साधी चूळ भरायला गोडं पाणी मिळत नाही.

मी मालवण तालुक्यात बावीस वर्षं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची, इंजिनं दुरुस्त करतो. पाण्यासाठी पत्र लिहायला मेस्त्री का बसला, असं वाटेल, म्हणून थोडं सांगतो.

गाडीच्या इंजिनाला रेडिएटर असतो, तेच ते पाणी आतल्या आत फिरतं. आऊटबोर्डला रेडिएटर नाही. खाली पंख्याच्या वर जाळी असते, तिथून पाणी आत ओढलं जातं, रबरी इंपेलर (पंपातलं पात्यांचं चाक) ते वर ढकलतो, ते सिलिंडरभोवती फिरून गरम होतं आणि बाहेर पडतं. त्यातलीच एक बारीक धार इंजिनाच्या मागे दिसते. होडीवाला दिवसभर डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती धार बघत असतो. धार आहे तोवर काळजी नाही.

घोटाळा होतो तो इंजिन बंद केल्यावर. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. बंद केलेल्या इंजिनाचं लोखंड आणि ॲल्युमिनियम बराच वेळ तापलेलं राहतं, आत राहिलेलं पाणी आटतं आणि मीठ मागे उरतं. शिरोड्याच्या मिठागरात उन्हाने जे होतं तेच इथे बोटभर रुंदीच्या वाटेत होतं. आज एक थर, उद्या त्यावर दुसरा. इंजिन काही बोलत नाही. एक दिवस धार बारीक होते, मग इंजिन तापल्याचा भोंगा वाजतो, आणि तोही बहुतेक वेळा खोल पाण्यात माणसं बसलेली असताना.

गेल्या एप्रिलमध्ये असंच एक इंजिन माझ्याकडे आलं. मालक म्हणाला, “मेस्त्री, काल सांजेक धार बरी होती, आज येकदम बारीक झाली.” हेड, म्हणजे सिलिंडरच्या टोकाचा भाग, उघडलं. पाणी फिरायच्या वाटा निम्म्याहून अधिक बुजल्या होत्या. करडा-पांढरा, चुन्याच्या लेपासारखा दिसणारा, पण दगडासारखा थर. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तर कपच्या उडाल्या. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट उघडझाप करणारी झडप, होता तिथेच जाम झालेला. मालकाला पटेना. “मी रोज धुतंय, मेस्त्री. घरात इचार.” विचारलं. त्याची बायको तावातावाने बाहेर आली : “घागरी मी हाडतंय आणि हे वरसून वततत!”

तो रोज इंजिनाचं झाकण चकचकीत धूत होता. विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या तीन घागरी, आणि आत एक थेंब गेला नव्हता. त्या माउलीच्या कमरेला काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही.

ही चूक अनेक जण करतात, म्हणून संपादकसाहेब, एवढा भाग कापू नका. इंजिन आतून धुवायचं असतं. दोन रबरी वाट्या असलेला चिमटा मिळतो, हेडफोनसारखा दिसतो. तो खालच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी बसवायचा, पाइप लावायचा, आधी पाणी सोडायचं आणि मगच इंजिन चालू करायचं. न्यूट्रलमध्ये, अगदी कमी वेगावर, दहा मिनिटं. पंख्याजवळ कुणी उभं राहायचं नाही, पोरांना तर अजिबात फिरकू द्यायचं नाही. संपल्यावर आधी इंजिन बंद, मग पाणी. हा क्रम उलटला तर कोरडा इंपेलर काही सेकंदांत करपतो, म्हणजे इंजिन वाचवायला जाऊन पंप गमावला. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांना पाइप जोडायला वेगळं तोंड दिलेलं असतं. तिथे बहुतेक मॉडेलांत इंजिन बंद ठेवूनच पाणी सोडायचं असतं, कारण ते पाणी पंपातून जात नाही. आपल्या इंजिनाच्या पुस्तकात एकदा बघून घ्यावं. पुस्तक इंग्रजीत असलं तरी चित्रं असतात. धुऊन झालं की इंजिन थोडा वेळ उभंच ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. लगेच आडवं टाकलं की ते आतच साचतं.

नळ नसेल तर पिंप. पंखा काढून ठेवायचा, इंजिन स्टँडला लावायचं, जाळी बुडून वर चांगलं वीतभर पाणी राहील एवढं पिंप भरायचं आणि चालवायचं. पाणी खारट होत जातं, पण समुद्रापेक्षा शंभर पटीने बरं. एकाच पिंपात लागोपाठ दोन-तीन इंजिनं मी स्वतः धुतली आहेत. पहिला नंबर कुणाचा यावरून भांडणं होतात, तेवढं सोडलं तर काम होतं.

काही जण सांगतात, खाडीत वर जाऊन फेरी मारून येतो, तिथे पाणी गोडं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात ठीक आहे, नद्यांना पाणी असतं. जानेवारीनंतर भरतीचं पाणी पार आतवर चढतं. हातात घेऊन जिभेला लावून बघा. एप्रिलात त्या फेरीचा उपयोग फक्त पेट्रोल जाळायला.

सगळ्यात वाईट दिवस मात्र इंजिन चालत नाही तेव्हाचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, जलक्रीडाही पावसाळ्यात बंद. मेअखेर शेवटची फेरी मारून, न धुता, ताडपत्रीत गुंडाळून इंजिन पडवीत उभं करतात. आत मीठ आहे, बाहेर पाऊस आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं पाझरतं ते प्रत्येक घरात माहीत आहे. तसंच ते इंजिनाच्या आत ओलं होतं आणि ॲल्युमिनियम खात बसतं. नारळी पौर्णिमेला नारळ वाढवून दोरी ओढतात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग लागते. मला धंदा मिळतो, नाही म्हणत नाही. पण कर्ज काढून घेतलेल्या इंजिनाचं हेड फेकून द्यायला सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

जाता जाता एक. इंजिनाच्या खालच्या अंगाला जस्ताचा एक तुकडा असतो. खाऱ्या पाण्याने आधी त्याला खावं आणि इंजिनाला सोडावं, यासाठीच तो लावलेला असतो. मोसमाच्या तोंडावर हौसेने रंगकाम करताना आमची मंडळी त्यालाही सुबक रंग फासतात. रंग फासला की तो तुकडा निकामी. एकाने तर त्यावर लाल रंगाने गणपती काढला होता. देवाला नमस्कार करून मी तो खरवडून काढला.

आता पाण्याचं. नळाचा पाइप मिनिटाला दहा लिटर धरला तर एका इंजिनाला शंभर लिटर जातात. दहा होड्या म्हणजे दिवसाला हजार लिटर. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, वाड्यांवर हंड्यांची रांग असते, तेव्हा इंजिनासाठी हजार लिटर मागायला मलाही लाज वाटते. म्हणून पाटी लावणाऱ्याचा मला राग नाही. पण ‘पाइप जोडू नये’ हे काही उत्तर नव्हे. मासळी लिलावाच्या शेडचं छप्पर शंभर चौरस मीटर धरा. आमच्याकडे पावसाळ्यात तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे तीन लाख लिटर पाणी त्या पत्र्यावरून सरळ समुद्रात जातं. सगळं साठवा असं कोण म्हणतंय? वीस हजार लिटरची एक टाकी बांधली आणि पिंपाची पद्धत धरली, तर दोन-तीन इंजिनांना दीडशे लिटर लागतील. दहा होड्यांना रोज सहाशे धरले तरी महिनाभर निभेल. सबंध मोसम त्यावर निघणार नाही, हे मलाही कळतं. पण मे महिन्यातली ती शेवटची धुलाई, जी सगळ्यात महत्त्वाची, तिच्यापुरतं पाणी राखून ठेवता येईल. बाकीच्या महिन्यांत नळाला मीटर बसवा, इंजिनामागे दहा-वीस रुपये घ्या. होडीवाले देतील, मी विचारलं आहे. इंजिनातून निघणारं तेलकट पाणी वाळूत जाऊ नये म्हणून खाली एक खड्डाही लागेल. तो आम्ही श्रमदानाने खणू.

गेल्या वर्षभरात दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत कुणी लक्ष घातलं तर बरं. आणि नळ बसवाल तेव्हा तोटी आट्यांची बसवा. साध्या तोटीवरून पाइप निसटतो, आणि इंजिन चालू असताना निसटला तर इंपेलर गेलाच.

आपला,
एक मेस्त्री, मालवण तालुका
(नाव प्रसिद्ध करू नये, गिऱ्हाइकं ओळखीची आहेत)