मशीनच्या कुबट वासाबद्दल

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस की टॉवेल धुऊन कडक वाळवले तरी तोंड पुसताना कुबट वास येतो आणि त्यावर उपाय म्हणून तू पावडर दुप्पट टाकायला लागलीस. फोनवर मी काही सांगायला लागलो की तू नुसतं हो हो बाबा करतेस, म्हणून लिहून पाठवतोय, म्हणजे मशीनसमोर बसून वाचता येईल.

तर वास टॉवेलचा नाहीये, मशीनचा आहे. आत डोकावलं की स्टीलचा ड्रम चकचकीत दिसतो आणि आपल्याला वाटतं मशीन तर स्वच्छ आहे, पण त्या ड्रमच्या बाहेरून अजून एक टब असतो, बहुतेक मशीनमध्ये प्लास्टिकचा, धुण्याचं पाणी खरं त्यात साठतं आणि ड्रमच्या भोकांतून आतबाहेर होत राहतं. या दोघांच्या मधे ना हात पोचतो ना नजर. तिथे न विरघळलेली पावडर, सॉफ्टनरचा मेणचट थर, अंगाचं तेल, कपड्यांचे तंतू असं सगळं चिकटून बसतं आणि त्यावर जंतू आणि बुरशी मजेत वाढतात. तू सगळं थंड पाण्यात धुतेस आणि वर दार घट्ट लावून ठेवतेस, मग त्यांना अजून काय पाहिजे? पावडर वाढवली की तो थरच वाढतो. शिवाय फ्रंट लोडमध्ये कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात त्याने मळ निघतो, फेस जास्त झाला की ते आपटणंच होत नाही, कपडे फेसात नुसते लोळतात.

सुरुवात दाराच्या रबरापासून कर. प्लग आधी काढ. ते राखाडी रबर बोटांनी बाहेर ओढून त्याची घडी उलगड, खालच्या बाजूला बघ, तिथे केस, धागे, एखादी क्लिप आणि काळा बुळबुळीत चिखल असं काहीतरी असणारच, बघून शी म्हणशील पण टॉवेलचा अर्धा वास तिथलाच आहे. खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाटसर पेस्ट कर, ती घडीत लाव, पाचदहा मिनिटं ठेव आणि जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घास, मग ओल्या फडक्याने पुसून घे. घडीत तळाशी बारीक भोकं असतात पाणी उतरायला, ती धाग्यांनी बुजतात, काडीने मोकळी कर. काळे ठिपके पूर्ण नाही गेले तर नाद सोड, बुरशीचा डाग रबरात मुरतो, चिकटपणा गेला म्हणजे झालं. पावडरचा ट्रे पण बाहेर निघतो, मधली खिट्टी दाबून ओढायचा, गरम पाण्यात भिजत टाक आणि तो जिथे बसतो त्या खाचेत वरच्या बाजूलाही ब्रश फिरव, तिथे कोणी बघत नाही.

आता तू जो व्हिडिओ पाठवलास ना, ज्यात ती बाई व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतते आणि भसाभस फेस येतो, तो दिसायला भारी आहे पण कामाचा काही नाही. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात, फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, तो उडून गेला की खाली उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. दोघांची कामं वेगळी आहेत. जड पाण्यातले क्षार हीटरवर आणि ड्रमवर पांढरे होऊन बसतात ते आम्लाने सुटतात, तेलकट चिकट थराला सोडा लागतो. म्हणून वेगवेगळ्या फेऱ्या लावायच्या.

पहिली फेरी आम्लाची. मशीन रिकामं, ड्रममध्ये साधारण १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, आई ज्याला लिंबाचं फूल म्हणते ते, नाहीतर दोन कप पांढरं व्हिनेगर, आणि ६० डिग्रीची लांब सायकल. मला सायट्रिक ॲसिड बरं वाटतं, वास येत नाही आणि व्हिनेगरपेक्षा जोरात काम करतं. ती संपली की दुसरी फेरी, अर्धा कप खायचा सोडा ड्रममध्ये टाकून मशीनवर असेल तेवढ्या गरम पाण्याची, टब क्लीन असं बटण असेल तर तेच दाब. आईचं म्हणणं धुण्याचा सोडा जास्त कडक असतो तो वापर, ते खरंय, पण बऱ्याच मशीनमध्ये ड्रमच्या मागचा आधार ॲल्युमिनियमचा असतो आणि कडक अल्कली त्याला मानवत नाही, म्हणून मी खायच्या सोड्यावरच थांबतो. पहिल्यांदा केल्यावर काळे पापुद्रे निघतील, घाबरू नकोस, जुना थर सुटतोय तो, अजून एकदा रिकामं मशीन फिरव आणि ड्रम पुसून घे, नाहीतर ते पांढऱ्या कपड्यांवर येऊन बसतात.

एक गोष्ट मात्र नीट वाच. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड कधीही एकत्र नाही, एकामागोमाग पण नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. आणि व्हिनेगर दर धुण्याला सॉफ्टनरच्या कप्प्यात घालायचं जे फॅड आहे ते करू नकोस, सारखं आम्ल लागून रबर खराब होतं.

मग फिल्टर. खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, ते उघडलंस की गोल बूच दिसेल आणि बऱ्याचदा शेजारी एक बारीक नळी. गरम सायकलनंतर लगेच उघडू नकोस, पाणी निवू दे, प्लग काढलेला पाहिजे. खाली पसरट भांडं आणि जुना टॉवेल ठेव, आधी नळीतून पाणी काढ, मग बूच हळूहळू डावीकडे फिरव, एकदम काढलंस तर सगळं पाणी पायावर. आतून नाणी, हेअरपिना, बटणं आणि कागदाचा लगदा निघतो. टॉर्च मारून आत बघ, पंपाचा छोटा पंखा दिसतो, काठीने हलवून बघ, अडखळत फिरला तरी चालेल पण केस गुंडाळलेले नकोत. बूच परत घट्ट बसव.

तुझ्या मैत्रिणीकडे टॉप लोड आहे ना, तिला सांग की तिथे ड्रममध्ये कडेला जाळीची पिशवी असते ती उलटी करून धुवायची, आणि सोडा टाकून भरपूर गरम पाणी भरलं की मशीन तासभर पॉज करून ठेवायचं, बाकी तेच.

एवढं झाल्यावर सवयीचं बघ. पावडर डब्यावर लिहिलंय तेवढीच, आणि फ्रंट लोडची कमी फेसाची. टॉवेलना सॉफ्टनर बंद, तो धाग्यांवर थर चढवतो आणि टॉवेल पाणी शोषेनासे होतात, वास टिकतो तो वेगळाच. टॉवेल आणि चादरी ६० डिग्रीवर धू, त्याने मशीन पण आपोआप धुतलं जातं. कपडे झाले की लगेच काढ, रबर पुसून घे, दार आणि ट्रे थोडा उघडा ठेव, घरात कोणाची लहान मुलं आली तर मात्र दार लावून घे. सोड्याची रिकामी फेरी महिन्यातून एकदा, आम्लाची दोनतीन महिन्यांतून पुरे.

आणि पाणी हळू भरतंय म्हणालीस ते बहुतेक नळीच्या जाळीमुळे असेल. नळ बंद कर, मागची नळी मशीनकडून सोडव, आत छोटी जाळी असते ती पक्कडीने अलगद ओढून काढ आणि व्हिनेगरमध्ये भिजव, क्षार सुटले की ब्रशने घास. परत लावताना नळीतला रबरी वायसर जागेवर आहे ना बघ, नळ चालू करून दहा मिनिटं तिथेच थांब आणि जोडाखाली कोरडा टिश्यू धर, तो ओला झाला तर नळी अजून थोडी आवळ. नळीला फुगवटा किंवा चिरा दिसल्या तर आवळत बसू नकोस, सरळ नवीन घे.

बाबा