टाकीत बोअरची मोटर बसवून ती जाळल्याबद्दल आणि वर वॉरंटी नाकारल्याबद्दल

कोल्हापूर
दि. १४ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १ एचपी सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी) मोटर २३ दिवसांत जळाल्याबाबत

महोदय,

तुमच्या सर्व्हिस सेंटरनं माझ्या जॉब कार्डवर "ड्राय रन, वॉरंटी लागू नाही" एवढं लिहून मला वाटेला लावलं. ते मला मान्य नाही. मोटर ड्राय रन म्हणजे पाण्याशिवाय कोरडी फिरून जळालेली नाही. तुमच्याच माणसानं ती चुकीच्या जागी बसवली म्हणून जळाली.

आधी टाकीचं सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी उपसा केंद्रांत शिरलं आणि शहराच्या चहूकडे पाणी असताना आम्ही घागरी घेऊन टँकरमागं पळत होतो. तेव्हाच ठरवलं, दारात मोठी टाकी पाहिजेच. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी आलं खरं, पण आमच्या गल्लीत अजून भरवसा नाही. म्हणून अंगणात ५००० लिटरची काळी प्लास्टिकची टाकी बसवली. तिच्यातून दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीत पाणी चढवायचं, एवढंच काम. बाहेर मोनोब्लॉक (पाण्याबाहेर चालणारा पंप) ठेवायला बोळात जागा नाही आणि शेजाऱ्यांना आवाज नको, म्हणून सबमर्सिबल.

तुमच्या अधिकृत डीलरला मी टाकीचं माप लिहूनच दिलं होतं. त्यानं २ एप्रिलला १४,८०० रुपयांना पॅनेलसकट चार इंची बोअरची मोटर दिली. "ही कुठंही चालते काका, बिनधास्त टाका." फिटर तुमच्या कंपनीचाच, त्याचे ७०० रुपये वेगळे. त्याच्या स्लिपवर "प्लास्टिक टाकीत फिटिंग" असं त्याच्याच अक्षरात आहे, खाली तुमचा शिक्का आहे. झेरॉक्स सोबत जोडली आहे.

मी ३१ वर्षं शिरोली एमआयडीसीत लेथवर काढली. मोटर कशानं तापते हे मला कुणी शिकवायला नको. बोअरच्या मोटरीत पाणी ओढायची जाळी मोटरीच्या वर असते. बोअरच्या अरुंद केसिंगमध्ये खालून येणारं पाणी मोटरीच्या अंगाला घासून वर जातं आणि जाता जाता तिची उष्णता घेऊन जातं. टाकी सहा फूट रुंद. तिथं जाळीला पाणी चारी बाजूंनी आयतं मिळतं, मग मोटरीच्या अंगावरून ते कशाला जाईल? पाण्यात बुडालेली असूनही मोटर आतल्या आत भाजत राहते. म्हणून अशा ठिकाणी एक तर विहिरी-टाक्यांसाठीच केलेली आडवी ओपनवेल मोटर द्यायची, नाहीतर बोअरच्या मोटरीवर पाईपचं जॅकेट चढवायचं, म्हणजे पाणी आधी मोटरीवरून फिरूनच जाळीत शिरतं. तुमच्या फिटरनं जॅकेटचं नावही काढलं नाही. झाकणातून मोटर आत सोडली, तळाला तिरकी टेकवली, खाली साधा रबराचा तुकडासुद्धा ठेवला नाही. मी हटकलं तर म्हणाला, "रोज बसवतो आम्ही." माझी चूक एवढीच की पुढं गप्प बसलो.

२५ एप्रिलच्या सकाळी वर पाणी चढत होतं. सूनबाई अंगणात टाकीच्या पितळी नळाखाली घागर भरत होती. ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभी. नळाला हात लावला आणि किंचाळून मागं सरली. हातापासून खांद्यापर्यंत मुंग्या. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. तोवर अर्धी भरलेली घागर पाहिली तर वर सप्तरंगी तवंग आणि जळक्या तेलाचा वास. मोटरीतलं तेल पाण्यात उतरलं होतं. आम्ही कोल्हापूरकर, तवंगाला नाक मुरडत नाही, पण तो मिसळीच्या कटावर. प्यायच्या पाण्यावर नाही.

त्या वेळी टाकीत चार फूट पाणी होतं. वेळूची काठी घालून मी स्वतः मोजलं. पाण्याखाली चार फूट असलेली मोटर ड्राय रन कशी होते, हे तुमच्या इंजिनिअरनं मला लिहून द्यावं. शिवाय सर्व्हिस सेंटरमध्ये मोटर माझ्यासमोर उघडली. कोरडी फिरली असती तर आधी प्लास्टिकचे इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पंखे, वितळले असते. ते नव्यासारखे स्वच्छ, एक ओरखडा नाही. वाइंडिंग, म्हणजे मोटरीतलं तारांचं वेटोळं, मात्र कोळसा झालेलं. हे दाखवलं तर तिथला पोऱ्या म्हणाला, "सिस्टीममध्ये ड्राय रनच टाकायला सांगितलंय."

करंटचा मुद्दा मला पैशापेक्षा मोठा वाटतो. केबलच्या तिन्ही वायरी मोटरीच्याच, अर्थिंगची वेगळी वायर टाकलीच नव्हती. पाण्याखालचा जॉइंट नुसत्या काळ्या टेपनं गुंडाळलेला. करंट गळला की लाईट तोडणारा ईएलसीबी स्विच बसवून घ्या, असंही कुणी म्हटलं नाही. सिमेंटच्या हौदात गळका करंट निदान थोडाफार जमिनीत जातो. प्लास्टिकच्या टाकीत तो पाण्यातच थांबतो आणि हात लावणाऱ्या माणसाची वाट बघतो. त्या दिवशी नळाशी माझा सहा वर्षांचा नातू असता तर हे पत्र वेगळ्या कागदावर गेलं असतं.

माझे मोटरीचे १४,८००, फिटिंगचे ७०० आणि पाणी सोडून देऊन टाकी धुवायला लागलेले १,२०० असे १६,७०० रुपये परत करा. किंवा टाकीसाठी योग्य अशी ओपनवेल मोटर अर्थिंगसकट नीट बसवून द्या आणि टाकी धुण्याचा खर्च द्या. दोन्हीपैकी काहीही चालेल. पण जॉब कार्डवरचा "ड्राय रन" शेरा खोडलाच पाहिजे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, हे मी विचारून आलो आहे.

जळालेली मोटर मी तुमच्या सेंटरमध्ये सोडलेली नाही. इंपेलर, वाइंडिंग, टेपचा तो जॉइंट, सगळं पोत्यात बांधून घरी ठेवलं आहे. बघायला माणूस पाठवायचा असेल तर दहाच्या नंतर पाठवा. त्याआधी आम्ही दोघं बाप-लेक बादल्या वर चढवत असतो.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व बिल क्रमांक सोबतच्या प्रतीवर)