प्रवेश कक्षातील सहकाऱ्यांसाठी सूचना

सर्व सहकाऱ्यांना कळविण्यात येते की, पालकांना माहिती देण्यास बसण्यापूर्वी प्रत्येकाने प्राथमिक व माध्यमिक विभागातील किमान एकेक तासिका वर्गात मागे बसून पाहावी, मधल्या सुट्टीत मुलांमध्ये थांबावे आणि जनरल रजिस्टर (शाळेत दाखल प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असलेले रजिस्टर) चाळावे. माहितीपत्रक पाठ असणे म्हणजे शाळा ठाऊक असणे नव्हे. पालकांच्या खऱ्या शंका बहुधा शिपाईमामांच्या कानी आधी पडतात, तेव्हा त्यांनाही विचारावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी देणगी घेण्यास व मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई आहे, तर कलम १४ नुसार वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. याबाबत उत्तर देताना कोणीही अडखळू नये. आपली निरीक्षणे शनिवारपर्यंत कक्षातील नोंदवहीत लिहावीत.