चौथ्या टप्प्याचे दार : सहकारी खेळाच्या दुसऱ्या भागाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
खेळाची प्रकाशक व विक्रेता कंपनी

विषय : आपल्या सहकारी कल्पनारम्य प्लॅटफॉर्म गेमच्या दुसऱ्या भागातील दोष, नाकारलेला परतावा आणि खेळाडूंच्या तक्रारींना दिलेले उत्तर

महोदय,

स.न.वि.वि. मी नाशिकच्या इंदिरानगर भागात राहते. आपल्या गेमचा, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर मिळून उड्या मारत, कोडी सोडवत पुढे जायच्या खेळाचा, दुसरा भाग मी आपल्याच ऑनलाइन दुकानातून, प्रदर्शनाच्या आधीच नोंदणी करून, 2,499 रुपयांना घेतला. त्यातील दोषाबद्दल मी आपल्या ग्राहक सेवेला दोनदा लिहिले. पहिल्या पत्राला नऊ दिवसांनी उत्तर आले, दुसऱ्याला चारच दिवसांत आले. परंतु दोन्ही उत्तरांचा मजकूर शब्दशः सारखाच असल्यामुळे माझे म्हणणे कोणी वाचले असेल असे मला वाटत नाही. म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहीत आहे.

हा गेम आमच्या घरात कशासाठी आला, ते आधी सांगते. माझा धाकटा भाऊ पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग करतो. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दर रविवारी मामा नाशिकला आला की जेवणानंतर आम्ही तिघे टीव्हीसमोर बसून आपल्या गेमचा पहिला भाग खेळत असू, आणि तो आम्ही दोन वेळा पूर्ण केला आहे. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की बागेतून त्याचा पाय निघत नाही, त्यामुळे दुसरा भाग सप्टेंबरात येणार हे कळल्यावर सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला होता. आपल्या विक्रीच्या पानावर सर्वांत वर ठळक अक्षरांत ‘तीन खेळाडू, एकच पडदा, संपूर्ण साहस एकत्र’ असे लिहिले होते आणि आजही लिहिलेले आहे. त्या ओळीवर विसंबून मी तिसरा कंट्रोलर विकत घेतला. त्याचे पैसे मी आपल्याकडे मागत नाही, कारण तो इतर खेळांनाही चालतो. पण ती ओळ वाचून ग्राहक काय समजतो आणि काय करतो, हे आपल्याला कळावे म्हणून लिहिले.

आता दोषाविषयी. चौथ्या टप्प्याच्या शेवटी दगडी दार आहे आणि त्यासमोर तीन शिळा आहेत. तिन्ही शिळा एकाच वेळी दाबल्या गेल्या की दार उघडते. लोहार, वनकन्या आणि मांत्रिक अशी तीन पात्रे आणि तीन शिळा, म्हणजे तिघांनी मिळून खेळणाऱ्यांसाठी याहून सोपे कोडे दुसरे नसावे. प्रत्यक्षात तिसऱ्या पात्राने आपल्या शिळेवर पाय ठेवला की सर्वांत आधी दाबलेली शिळा, तिच्यावर पात्र उभे असतानाही, पुन्हा वर येते आणि दार बंदच राहते. तीन पात्रे तीन शिळांवर सहा प्रकारे उभी राहू शकतात. आम्ही सहाही प्रकार प्रत्येकी दोनदा करून पाहिले, कंट्रोलरची अदलाबदल केली, कन्सोल बंद करून पुन्हा सुरू केला, चेकपॉइंटवरून, म्हणजे खेळ जतन होतो त्या जागेवरून, मागे जाऊन आलो. बाराही वेळा तेच घडले. शेवटी माझ्या मुलीने कंट्रोलर गालिच्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘मी बाहेर पडते, म्हणजे दार उघडेल.’ ती खेळातून बाहेर पडली. मग भावाच्या मांत्रिकाने मोकळ्या शिळेवर मंत्राचा दगड ठेवला, आम्ही दोघे उरलेल्या शिळांवर उभे राहिलो आणि दार पहिल्याच प्रयत्नात उघडले. दाराच्या पलीकडे तिला पुन्हा सामील करून घ्यायला गेलो, तर पुढचा प्रवेशबिंदू पाचव्या टप्प्याच्या सुरुवातीला होता, आणि तेथे तिच्या पात्राने मिळवलेल्या तिन्ही शक्ती पुसल्या गेलेल्या होत्या.

एकत्र खेळण्यासाठी म्हणून विकलेल्या गेममध्ये पुढे जाण्याचा एकच मार्ग उरतो आणि तो म्हणजे तिघांपैकी एकाने उठून जायचे. त्या संध्याकाळी आम्ही पाचवा टप्पा खेळलो नाही.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात अठरा वर्षे काम करत आहे. आमच्याकडे ग्राहकाच्या तक्रारी येतात तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो : माल ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही? रंगाची छटा आवडली नाही, पॅकिंग साधे वाटले, मागच्या वेळचा आकार हाताला बरा बसत होता, या गोष्टी आम्ही ऐकतो, लिहून घेतो आणि पुढच्या वेळी विचारात घेतो. पण भोक 12 मिलिमीटरचे हवे असताना 11 चे निघाले, तर ती आवडीनिवडीची गोष्ट राहत नाही. तो लॉट परत येतो, त्याचे कारण शोधावे लागते आणि ते कारण ग्राहकाला लेखी कळवावे लागते. या दोन प्रकारच्या तक्रारी आम्ही एका रजिस्टरमध्ये लिहीत नाही. आपण मात्र त्या एकत्र केल्या आहेत, आणि माझी खरी तक्रार हीच आहे.

आपल्या उत्तरात लिहिले आहे : ‘दुसऱ्या भागाला खेळाडूंचा संमिश्र प्रतिसाद मिळत आहे. प्रत्येक खेळाडूची आवड वेगळी असते आणि आम्ही सर्व मतांचा आदर करतो.’ सोबत दहा टक्के सवलतीचे कूपन पाठवले आहे. प्रतिसाद संमिश्र आहे हे मलाही मान्य आहे, कारण माझ्या ओळखीच्या चार घरांत हा गेम घेतलेला आहे आणि कॉलेज रोडवर तासावर कन्सोल खेळायला देणाऱ्या एका दुकानातही तो लावलेला आहे. कोणाला नवा कॅमेरा आवडला नाही. पहिल्या भागात पात्रांना बाजूने पाहून उडीचा अंदाज अचूक येत असे, आता दृश्याला खोली आल्यामुळे फळी जवळ आहे की दूर हे चटकन कळत नाही, असे ते म्हणतात. कोणाला कथा लवकर संपल्यासारखी वाटली. माझ्या भावाला लोहाराचा आवाज बदलल्याचे वाईट वाटले. याउलट जंगलातील पाऊस, काजव्यांचा प्रकाश आणि पाण्याखालचा दुसरा टप्पा मला इतका सुंदर वाटला की केवळ तो पाहण्यासाठी मी एकदा मागे गेले. ही सारी मते आहेत आणि त्यांपैकी एकासाठीही मी आपल्याकडे एक रुपया मागत नाही. पण त्याच चार घरांपैकी ज्या दोन घरांत तिघे जण मिळून खेळत होते, ती दोन्ही घरे चौथ्या टप्प्याच्या दारापाशीच अडली. कॉलेज रोडच्या दुकानदाराने तर येणाऱ्या मुलांना आधीच सांगायला सुरुवात केली आहे की दोघेच बसा, तिसरा नको. हे मत नाही.

अपेक्षाभंगाला कंपनीने कसे सामोरे जावे, याचे एक उदाहरण याच प्रकारच्या खेळांच्या इतिहासात आहे. फिनलंडमधील फ्रोझनबाइट या कंपनीची ‘ट्राइन’ ही मालिका 2009 साली सुरू झाली. अमेडियस हा जादूगार, पाँटियस हा सरदार आणि झोया ही चोर अशा तिघांची ती कथा आहे, आणि एकाच अडथळ्यावर जादूने उभी केलेली पेटी, दोर किंवा ढाल यांपैकी काहीही वापरून मार्ग काढता येतो, ही तिची गंमत आहे. आम्हाला या प्रकारच्या खेळाची गोडी लागली ती तिच्याच 2011 सालच्या दुसऱ्या भागामुळे. ऑगस्ट 2015 मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात कंपनीने बाजूने दिसणारी मांडणी सोडून पूर्ण त्रिमिती स्वीकारली, आणि कथा अर्ध्यावर थांबल्यासारखी संपली. खेळाडू नाराज झाले. तेव्हा कंपनीने उघडपणे सांगितले की मूळ कथा बरीच मोठी योजलेली होती, ती तशी करणे खर्चाच्या आवाक्याबाहेर गेले, आणि सुमारे 54 लाख डॉलर, म्हणजे दुसऱ्या भागाच्या जवळजवळ तिप्पट रक्कम, या भागावर खर्च झालेली आहे. त्या खुलाशाने सगळ्यांचे समाधान झाले असेल असे नाही. पैसे देऊन अपुरी कथा हाती आलेल्या माणसाला खर्चाचा हिशेब ऐकून काय मिळणार? तरीही काय घडले आणि का घडले हे ग्राहकाला कळले. 2019 साली चौथा भाग आला तो पुन्हा बाजूने दिसणाऱ्या मांडणीत. खेळाडूंचे म्हणणे ऐकले गेले होते, हे त्यावरून दिसते.

आपल्याकडून मला असा खुलासाही मिळालेला नाही. चौथ्या टप्प्यातील दोष आपल्याला माहीत आहे की नाही, त्यावर काम चालू आहे की नाही, याबद्दल दोन्ही उत्तरांत एक शब्दही नाही.

परतावा नाकारताना आपण असे कारण दिले आहे की गेम दोन तासांहून अधिक खेळला गेला आहे. हा नियम मला ठाऊक होता आणि गेम खेळून पाहून, कंटाळा आल्यावर परत करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी तो असावा, हेही मी समजू शकते. मात्र आपल्याच गेमची रचना अशी आहे की चौथ्या टप्प्याच्या दारापर्यंत पोहोचायला आम्हाला पाच तास लागले. जो दोष पाच तासांनंतर समोर येतो तो दोन तासांत शोधून दाखवा, ही अट कोणताही ग्राहक पूर्ण करू शकणार नाही. शिवाय त्या बंद दारासमोर आम्ही घालवलेला दीड तासही आपण ‘खेळलेला वेळ’ म्हणून आमच्याच नावावर मांडला आहे. त्या वेळात आम्ही खेळत नव्हतो, आपले तपासणीचे काम करत होतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तूतील दोष, सेवेतील उणीव आणि दिशाभूल करणारी जाहिरात या तिन्हींविरुद्ध ग्राहकाला दाद मागता येते. डाउनलोड करून घेतलेल्या गेमला आपण वस्तू म्हणा किंवा सेवा म्हणा, पहिल्या पानावर दिलेले ठळक आश्वासन त्यामुळे बदलत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्याच्या आत करणे ही आपली जबाबदारी आहे. माझ्या पहिल्या तक्रारीची पोच मला आजतागायत मिळालेली नाही. नऊ दिवसांनी थेट नकार मिळाला.

तरी माझी मागणी अशी आहे की आपण 2,499 रुपये मला परत करावेत, किंवा चौथ्या टप्प्यातील दोष आणि शक्ती पुसल्या जाण्याचा दोष दूर करणारे अपडेट कोणत्या तारखेला देणार ते लेखी कळवावे. तारीख कळवलीत तर मी परतावा मागणार नाही, कारण मला पैशांपेक्षा हा गेम हवा आहे. ते अपडेट येईपर्यंत विक्रीच्या पानावरील ‘तीन खेळाडू’ या ओळीखाली हा दोष स्पष्टपणे नोंदवावा. दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी गेम घेणारी घरे पुष्कळ असतील आणि त्यांनी ते वाचूनच निर्णय घ्यावा. जे ग्राहक याच कारणासाठी परतावा मागत आहेत त्यांना दोन तासांची अट लावू नये. दहा टक्क्यांचे कूपन मी वापरलेले नाही व वापरणार नाही. ते आपण रद्द करावे.

महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जेथे राहतो तेथेच अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे, त्यामुळे आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असल्याने मला अडचण येणार नाही. पण ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते. ज्यांनी पहिला भाग बनवला त्या लोकांशी भांडण्याची माझी इच्छा नाही.

बारा प्रयत्नांपैकी सहांचे चित्रीकरण मी मोबाइलवर केले आहे. त्यात पडदा आणि तिन्ही कंट्रोलर एकाच वेळी दिसतात. खरेदीची पावती आणि आपली दोन्ही उत्तरे त्यासोबत जोडली आहेत. माझ्या मुलीच्या पात्राच्या शक्ती शाबूत असलेली, दार बंद असतानाची सेव्ह फाइल (खेळाची जतन केलेली नोंद) मी वेगळी जपून ठेवली आहे. आपल्या तंत्रज्ञांना तपासणीसाठी ती हवी असल्यास कळवावे, त्याच दिवशी पाठवीन.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व खरेदी क्रमांक सोबतच्या पावतीनुसार)
इंदिरानगर, नाशिक