परराष्ट्रमंत्र्यांस खुले पत्र : म्यानमार म्हणजे फक्त राजधानी नेपिडॉ नव्हे

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
सादर नमस्कार.

मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून आपण थायलंडच्या मे सोतहून ५४९ भारतीयांना घरी आणलंत. मोएई नदीपलीकडे, म्यानमारमधल्या म्यावड्डीच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेली माणसं ती. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. त्याबद्दल मनापासून आभार.

त्याच मे सोतमधली एक जुनी गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे. १४ फेब्रुवारी २००८ रोजी तिथल्या एका घराच्या व्हरांड्यात पादोह मान शा ला फान यांना गोळ्या घातल्या. म्यानमारमधल्या करेन लोकांच्या हक्कांसाठी लष्कराशी लढणाऱ्या करेन नॅशनल युनियनचे ते सरचिटणीस, वय ६४. (करेन हे नाव मराठीत वाचलं की क्रियापदच वाटतं. ‘मी करेन’ मधलं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.) मारेकऱ्यांना आजवर शिक्षा झालेली नाही.

त्यांच्या मुलीचं नाव झोया. जर्मनांशी लढताना मारल्या गेलेल्या सोव्हिएत झोयावरून वडिलांनी ते ठेवलं. चौदाव्या वर्षी लष्कराच्या हल्ल्यात घर सोडून पळालेली, थायलंडच्या निर्वासित छावण्यांत वाढलेली ही मुलगी पुढे ब्रिटनमध्ये बर्मासाठी लढणाऱ्या मोहिमेचा चेहरा झाली. बाप गेल्यावर या घरातल्या चार भावंडांनी काय केलं? आईवडिलांच्या स्मरणार्थ फान फाउंडेशन काढलं: शिक्षण, गरिबी, संस्कृती, मानवी हक्क यांसाठी. करेन समाजातल्या तरुण कार्यकर्त्यांना त्यातून वडिलांच्या नावे पुरस्कार दिला जातो. सुडाची भाषा करायला त्यांच्याकडे कारण होतं. त्यांनी बापाचं अर्धं राहिलेलं काम उचललं.

हे काम तसं फार जुनं. करेन लोकांचा लढा ३१ जानेवारी १९४९ रोजी सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्टला, त्यांचे नेते सॉ बा उ जी मारले गेले. तो दिवस करेन लोक हुतात्मा दिन म्हणून पाळतात. शरणागती नाही आणि आपलं राजकीय भवितव्य आपणच ठरवू, हे त्यांचे शब्द तिथे आजही म्हटले जातात. म्हणजे बाप गमावलेली ही काही पहिली पिढी नव्हे.

सगळे करेन एका बाजूला आहेत असंही मी म्हणत नाही. १९९४ च्या शेवटी त्यांच्यातला एक गट फुटून लष्कराला मिळाला, काही आठवड्यांत मानेरप्लॉ हे मुख्यालय पडलं. त्याच गटातून पुढे उभ्या राहिलेल्या सीमारक्षक दलाच्या आश्रयाने म्यावड्डीचे ते अड्डे फोफावले. आपली पोरं तिथून सोडवताना आपण ज्या गुंत्यात हात घातलात, त्याची एक गाठ ही आहे.

आणि हा परका विषयही नाही. अंदमानात मायाबंदरजवळ वेबी नावाचं गाव आहे. इंग्रजांनी १९२५ मध्ये करेन कुटुंबं आणून तिथे वसवली. ती आली इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातून, बॅसीनकडून. (इंग्रज आपल्या वसईलाही बॅसीनच म्हणत.) मान शा यांचा जन्मही त्याच त्रिभुज प्रदेशातला. ती कुटुंबं आज भारताची नागरिक आहेत.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर मार्चमध्ये देय बु नो या करेन गावावर विमानातून बॉम्ब पडले, हजारो माणसं जंगलात पळाली. त्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारविषयीच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेतही तटस्थ. तेव्हा तर अध्यक्षपदच आपल्याकडे होतं. ईशान्येची सीमा, म्यानमारमधून मिझोरमला जोडणारा कलादानचा रस्ता, चीन, हे सगळं मला समजतं. पण ज्यांच्याशी बोलायचं ते फक्त नेपिडॉतले जनरलच, हे मात्र समजत नाही. आपल्याच मिझोरम-मणिपूरला लागून असलेला मोठा पट्टा आज त्यांच्या हातात नाही.

मागणं छोटं आहे. करेन नॅशनल युनियनशी उघडपणे बोला. मदत लष्कराच्या हातात देण्याऐवजी थायलंडच्या सीमेवरून करेन संस्थांमार्फत तांदूळ आणि औषधं जाऊ द्या. आणि पुढच्या ठरावाला आपला हात वर दिसू द्या. सायबर अड्ड्यांतून पोरं आणायला मे सोतला विमान उतरू शकतं, तर आपला एखादा अधिकारीही तिथे उतरून त्या व्हरांड्यातल्या माणसाच्या सहकाऱ्यांसोबत चहा घेऊ शकतो.

आपला,
पुण्याचा एक नागरिक