सड्यावरचा मासा आणि चिरेखाण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला कोकणच्या कातळशिल्पांवरचा, म्हणजे सड्यावरच्या (आमच्याकडे उघड्या कातळाच्या माळाला सडा म्हणतात) प्राचीन कोरीव चित्रांवरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख. पहिल्या चित्रातल्या माणसाचे पाय तेवढे वर आणि डोकं खाली आहे. कातळावर तो आडवाच असतो, तेव्हा कसाही छापला तरी चालतो असा समज झाला असावा.

लेखकमहाशयांनी ‘गूढ, गूढ’ करत शेवटी परग्रहावरच्या पाहुण्यांनाही आणून बसवलं. त्यांना जागा मिळाली, पण उन्हातान्हात सडे तुडवून ही चित्रं शोधणाऱ्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांना एक ओळ नाही! अहो, सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत उत्खननात दगडी हत्यारं निघाली, म्हणजे माणूस इथेच राहत होता. कशेळीच्या सड्यावर कोरलेल्या हत्तीची लांबी सुमारे 18 मीटर, आणि त्याच्या पोटात मासे, जनावरं कोरलेली. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात औषधालाही सापडायचा नाही. ज्याने पाहिला त्याने कोरला. त्यासाठी पाहुणे कशाला हवेत?

पण खरी चीड आली ती ‘युनेस्कोच्या यादीमुळे हा ठेवा आता सुरक्षित आहे’ या वाक्याची. 2022 मध्ये जागतिक वारशाच्या नुसत्या संभाव्य यादीत गेल्या त्या 9 जागा, त्यातली एक गोव्यातली. बाकीची शेकडो चित्रं कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यात पडून आहेत, आणि सातबाऱ्याच्या लेखी तो कातळ म्हणजे पोटखराब, लागवडीला निरुपयोगी जमीन.

आमच्या वाडीच्या सड्यावर एक मासा होता. आजी म्हणायची, पांडवांनी एका रात्रीत काढला. पाऊस उघडला की खाचेत पाणी साचायचं आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेपटीपर्यंत रेघ चमकायची. गुरं राखायला गेलेली आम्ही पोरं बोटाने त्यातलं शेवाळ काढत बसायचो. पुढे भाऊबंदांत वाटण्या झाल्या आणि तो तुकडा चिरेखाणीला, म्हणजे बांधकामाचे जांभा दगड कापायला गेला. खाण सुरू होण्याआधी मी एका कार्यालयात अर्ज दिला. साहेब सज्जन, चहा पाजला. म्हणाले, ‘‘सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही, मग तुमचा संबंध काय?’’ म्हटलं, माशाशी आहे. ‘‘मग माशाचे अक्षांश-रेखांश आणा.’’ पुतण्याकडून मोबाइलवर काढून तेही दिले. आवक क्रमांक मिळाला.

मशीनचं पातं शेपटीकडून फिरलं. मुकादमाला थांब म्हटलं, तर म्हणतो, ‘‘काका, चिरा एक नंबर आहे हो इथला.’’ डोक्याकडचा भाग कुणाच्या तरी बंगल्याच्या गडग्यात, दगडी कुंपणात बसला असेल. रत्नागिरीजवळच्या उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या कोरीव हत्तीभोवती कुंपण घालून घेतलं. आमच्या भाऊबंदकीत ते होणं नव्हतं.

आणि ती ‘कसे जाल?’ची चौकट! ‘गाडी थेट सड्यावर नेता येते’ म्हणे. येते ना, चित्रावरूनच जाते. पुढचं पर्यटन छापण्याआधी चिरेखाणीला परवानगी देताना सड्याची पाहणी कोण करतं, करतं की नाही, एवढं विचारून छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. राजापूर

ता.क. रविवारची पुरवणी इथे सोमवारी दुपारच्या एसटीने येते आणि शब्दकोडं निम्मं भरलेलं असतं. वितरण विभागाला जरा विचारावं.