गाडीची शेपटीही तुझीच

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, दहा वर्षं कार चालवतेय मी, मोटरहोम म्हणजे काय वेगळं असणार?" मी काही बोलले नाही, पण फोन स्पीकरवर होता आणि बाबा हसायला लागले होते. ते तुला नव्हे, मला हसत होते. हेच वाक्य, याच थाटात, मी आपली ही चाकांवरच्या घरासारखी गाडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्यांना ऐकवलं होतं. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी काय झालं ते तुला आम्ही आजवर सांगितलेलं नाही. मागच्या दिव्याची काच नवी का दिसते, असं तू लहानपणी विचारायचीस ना, त्याचं हे उत्तर.

डिझेल भरून पंपावरून निघत होते. डाव्या हाताला पंपाच्या कडेचा लोखंडी खांब, उजवीकडे रस्ता. कारमध्ये करतो तसं स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि निघाले. पुढचा भाग अगदी सुरेख बाहेर पडला. मी आपली समोर बघतेय, आणि मागून 'कर्रर्र' असा आवाज. आधी वाटलं आतलं कपाट उघडलं. खाली उतरून पाहिलं तर खांबाचा पिवळा रंग गाडीला आणि गाडीचा पांढरा रंग खांबाला. दिवा फुटलेला, आणि बाजूच्या पत्र्याला हातभर ओरखडा. ज्या खांबाला पुढच्या टोकानं शिवलंही नव्हतं, तो मागच्या कोपऱ्यानं गाठला होता.

झालं असं, की आपल्या गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे जवळजवळ दोन मीटर गाडी आहे. कारमध्ये हा भाग एवढासा असतो म्हणून आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. वळताना गाडी मागच्या चाकांभोवती फिरते. तू उजवीकडे वळलीस की चाकांच्या मागचा तो सगळा भाग डावीकडे झुलतो, स्टिअरिंग जितकं जास्त फिरवशील तितका जास्त. म्हणून भिंतीला, खांबाला किंवा दुसऱ्या गाडीला खेटून उभी असशील तर आधी सरळ पुढे जा. शेपटी अडथळ्याच्या पार झाली की मग वळ, आणि वळताना एक नजर बाहेरच्या बाजूच्या आरशात. सगळेजण वळणाच्या आतल्या आरशात बघतात, मीही तेच करत होते.

आतल्या बाजूचं दुखणं निराळं. तिथे मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेनं जात नाही, कोपरा कापून आत घुसतं. फुटपाथ, सायकलवाला, कोपऱ्यातला दगड, सगळं त्याच्याच वाटेवर येतं. त्यामुळे चौकात लवकर वळायचा मोह टाळ. नेहमीपेक्षा थोडी पुढे जा, उशिरा वळ, आणि मागचं चाक कोपऱ्यापासून सुटलं ना हे आरशात डोळ्यांनी बघ. अंदाज बांधू नकोस, ते चाक आरशात खरंच दिसतं. दिसत नसेल तर आरसा चुकीचा लावलाय. निघण्याआधी बसून तो नीट लाव. खालचा छोटा फुगीर आरसा जास्त दाखवतो खरा, पण त्यात मागची गाडी आहे त्याहून लांब वाटते. लेन बदलताना त्याच्यावर विसंबू नकोस.

हे सगळं रस्त्यावर शिकायचं नाही. रविवारी सकाळी एखादं मोठं मोकळं मैदान गाठ आणि चार बादल्या सोबत घे. पहिला प्रयोग उभ्या गाडीत. सीटवर बस आणि कुणालातरी एक बादली घेऊन गाडीच्या नाकापासून सरळ पुढे चालत जायला सांग. ती जमिनीवर टेकवलेली बादली तुला काचेतून पहिल्यांदा कुठे दिसते तिथे खूण कर, मग उतरून ते अंतर पावलांनी मोज. उंच बसल्यामुळे आपल्याला वाटतं की सगळं दिसतंय. त्या खुणेच्या अलीकडे लहान मूल असेल तर ते तुला दिसेलच असं नाही. असंच मागे आणि दोन्ही बाजूंना कर. मग त्याच बादल्या कोपरे समजून वळणं घे, बादली पडली की उतरून बघ कशामुळे पडली. मी अर्धा दिवस घालवला होता, आणि पुढच्या सगळ्या वर्षांचा आत्मविश्वास त्या अर्ध्या दिवसाचा आहे.

रिव्हर्सचं सांगायला बसले तर घरातलं भांडण बाहेर येईल. मागे उभा राहणारा माणूस सतत "येऊ दे, येऊ दे" म्हणतो आणि मग अचानक "अगं अगं अगं!" इंजिनाच्या आवाजात दोन्ही सारखंच ऐकू येतं. म्हणून आमच्यात आता आवाज बंद, फक्त हात. दोन्ही हात आपल्याकडे हलवले की ये, एका बाजूला दाखवलं की शेपटी त्या बाजूला, दोन्ही तळवे समोर धरले की थांब. आणि एक नियम, त्याला अपवाद नाही: मागचा माणूस आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक. तो झाड बघायला गेला असेल, फोन घ्यायला गेला असेल किंवा तुझ्या चाकामागेच असेल. कॅमेरा लावलाय, पण तो टपाची उंची आणि झाडाची आडवी फांदी नीट दाखवत नाही. शंका आली की हँडब्रेक ओढ, उतर, चालत मागे जाऊन बघ आणि परत ये. मागे हॉर्न वाजवणारे वाजवू देत.

उंची. गाडी तीन मीटरच्या आसपास आहे, पण कागदावरचा आकडा गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा. नंतर टपावर एसी बसवला, अँटेना आली. मी शिडी लावून सगळ्यात उंच टोकापर्यंत मोजून आकडा मीटर आणि फूट दोन्हीत सनशेडवर चिकटवलाय, तो काढू नकोस. मोबाइलवरच्या कारच्या नकाशाला तुझी उंची माहीत नसते, तो तुला खुशाल बुटक्या पुलाखाली नेईल. पुलावरच्या पाटीचाही अगदी सेंटिमीटरपर्यंत भरवसा धरू नकोस, खालचा रस्ता नव्यानं डांबरला की तेवढी जागा कमी झालेली असते. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. अगदी कडेनं चालवलीस तर गाडी कलते आणि चाक रस्त्यावर असतानाच टपाचा कोपरा दिव्याच्या खांबाकडे झुकलेला असतो. झाडं, खांब असलेल्या अरुंद रस्त्यावर समोर कुणी नसेल तेव्हा थोडी मधे राहा.

आता वजन. पाण्याची टाकी शंभर लिटरची, म्हणजे भरली की शंभर किलो. जिथे मुक्काम आहे तिथे नळ असेल तर भरून कशाला वाहायची? जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, वरच्या कपाटांत कपडे आणि उशा. तुझ्या मैत्रिणीला मागच्या रॅकवर स्कूटर टांगायची आहे म्हणालीस, त्याचा हिशेब ऐक. पुढच्या आणि मागच्या चाकांत चार मीटर अंतर आहे. मागच्या चाकापासून दोन मीटर मागे शंभर किलो लटकवलेस तर मागच्या चाकांवर शंभर नाही, दीडशे किलो येतात, कारण पुढच्या चाकांवरचे पन्नास उचलले जातात. सी-सॉसारखंच ते. आपल्या गाडीची ओढणारी चाकं पुढची आहेत, वळवणारीही तीच. ती हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं, आणि ओल्या गवतावर गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते. रॅकवर किती वजन चालतं तो आकडा रॅकवरच लिहिलाय, तरी माझं मत स्कूटर नको असंच आहे. सायकली ने.

टायर बघून "नक्षी छान आहे" म्हणशील. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी महिनोन् महिने एका जागी वजन घेऊन उभी असते. टायरच्या बाजूवर अक्षरं-आकड्यांची एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालातल्या 23 व्या आठवड्यात तो बनलाय. हे आकडे वाच, बाजूला भेगा आहेत का ते हात फिरवून बघ, आणि हवा टायर थंड असतानाच तपास. चालून गरम झालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडायची चूक करू नकोस.

वेगाबद्दल व्याख्यान देत नाही, तू वेडी नाहीस. एवढंच लक्षात ठेव की ताशी 80 ला एका सेकंदात गाडी 22 मीटर पुढे जाते, म्हणजे तुझा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत आपल्या गाडीच्या तीन लांब्या संपलेल्या असतात. 60 आणि 80 मध्ये फरक विसाचा वाटतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ताकद पावणेदोन पटीच्या वर जाते. पुढच्या गाडीपासून चार-पाच सेकंदांचं अंतर ठेव, पावसात त्याच्या दुप्पट. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी घुसणारच. घुसू दे, थोडी मागे सर. तुझ्यामागे रांग लागली तर जागा मिळाली की बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ दे, हा माझ्या मते चांगल्या ड्रायव्हरचा सगळ्यात मोठा गुण.

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ब्रेक तापले की पकड सोडतात, पेडल दाबलं जातं आणि गाडी मात्र ऐकत नाही. जळक्या वासानं हे आधी कळतं. उतार सुरू होण्याआधीच, लक्षात घे, आधीच, खालच्या गिअरमध्ये टाक आणि इंजिनाला गाडी धरून ठेवू दे. ते ओरडेल, ओरडू दे. वेग वाढलाच तर ब्रेक ठामपणे दाबून वेग पाडायचा आणि पाय काढायचा, म्हणजे त्यांना श्वास मिळतो. न्यूट्रलमध्ये कधीही नाही.

वारा हा मला सगळ्यात उशिरा समजला. आपली गाडी म्हणजे चाकांवरची भिंत. डोंगराच्या आडोशातून मोकळ्या पुलावर आलीस की बाजूनं धक्का बसतो. मोठा ट्रक शेजारून जाताना आधी तुला दूर ढकलतो, आणि मग स्वतःकडे ओढतो. हे दोन्ही होणार हे माहीत असलं की हात घाबरत नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग थोडा कमी, आणि दुरुस्ती बोटभर. पहिल्यांदा मी हातभर केली होती, आणि मागे कपाटातली सगळी भांडी एका बाजूला गेली होती.

भांड्यांवरून आठवलं. सुटी वस्तू म्हणजे फक्त आवाज नाही. एकदा पाण्याची बाटली घरंगळत येऊन माझ्या ब्रेकच्या पेडलखाली बसली होती. वेग कमी होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून ड्रायव्हरच्या पायाशी काही म्हणजे काही ठेवायचं नाही. चालत्या गाडीत सगळ्यांनी बेल्ट असलेल्या सीटवरच बसायचं. पलंगावर आडवं व्हायचं असेल तर गाडी थांबेल.

निघायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मार, रोज त्याच क्रमानं: गॅस सिलिंडरचा नॉब बंद, विजेची वायर काढलेली, पायरी आत, टपाची खिडकी बंद, बाजूची सावलीची छत्री गुंडाळून कुलूपबंद, फ्रिजचा खटका लागलेला. फेरीच्या मधे कुणी हाक मारली, फोन आला, तर फेरी पहिल्यापासून. माझी टपाची खिडकी एकदा अशाच एका फोनमुळे उघडी राहिली आणि वाऱ्यानं तिचं झाकण उडालं. फोनही काही महत्त्वाचा नव्हता.

बादल्या गाडीच्या मागच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. मैदानावर बाबांना घेऊन जा, ते यायला उतावीळ आहेतच. त्यांना मागे उभं कर, हातांच्या खुणा त्यांना पाठ आहेत. फक्त बोलू देऊ नकोस.

तुझी,
आई